मुंबईतले बँका-बाजाराचे भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाखतीसाठी पहिल्यांदा मुंबईत येणारी मुले-मुली, कॉमर्सचे विद्यार्थी, बँकेच्या कामासाठी गावाहून येणारी वडीलधारी मंडळी, रविवारी फोर्टात फिरायला निघालेली कुटुंबे. या सगळ्यांकडून वर्षानुवर्षे येत राहिलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. जी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली आहे तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुंबईचा 'फायनान्शियल डिस्ट्रिक्ट' नेमका कुठला? फोर्ट, नरीमन पॉइंट की बीकेसी?

तिन्ही, आणि चौथा लोअर परळ-वरळीचा पट्टाही. मुंबईत एक भाग मोडून दुसरा उभा राहिला असे झाले नाही. जुना राहिला आणि नवा त्याच्या उत्तरेला वाढला.

फोर्टात रिझर्व्ह बँक, टांकसाळ, मुंबई शेअर बाजार म्हणजे बीएसई, महाराष्ट्र राज्य सहकारी बँक आणि अनेक जुन्या बँकांच्या मुख्य शाखा आहेत. नरीमन पॉइंटला स्टेट बँक, युनियन बँक, सेंट्रल बँक आणि एलआयसीचे 'योगक्षेम'. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई), नाबार्ड, लहान उद्योगांसाठीची सिडबी, यूपीआय चालवणारी एनपीसीआय, आयसीआयसीआय, कोटक आणि बँक ऑफ बडोदाचे कॉर्पोरेट सेंटर. एचडीएफसी बँक लोअर परळला, अ‍ॅक्सिस वरळीला. कामासाठी निघण्यापूर्वी पत्रावर कुठला पत्ता आहे ते पाहा. एकाच बँकेची कार्यालये चारही भागांत असू शकतात.

२. फोर्टला फोर्ट म्हणतात, पण किल्ला कुठेच दिसत नाही. होता का?

होता. इंग्रजांच्या मुंबईभोवती तट होता, त्याला चर्चगेट, अपोलो गेट आणि बझार गेट असे तीन मुख्य दरवाजे होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडला. शहर आत मावेनासे झाले होते आणि कापसाच्या व्यापाराला जागा हवी होती. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात तटबंदीचा थोडा भाग शिल्लक आहे.

तट गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेवर उच्च न्यायालय, विद्यापीठ, तारघर अशा इमारती उभ्या राहिल्या. टाउन हॉलसमोरचे जुने मैदान गोल आखून त्याचे एल्फिन्स्टन सर्कल झाले. तेच आजचे हॉर्निमन सर्कल. त्याच्या कमानींखालून चालत गेलात तर मुंबईची सगळ्यात जुनी बँकांची वस्ती तुम्ही पाहिली असे समजा.

३. बँका, दलाल, विमा कंपन्या सगळे एकाच ठिकाणी का गोळा होतात? पैसा तर कुठूनही पाठवता येतो.

हा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. आज पैसा कुठूनही पाठवता येतो, पण दीडशे वर्षे तो कागदावरून चालत जात होता आणि कागद माणसाच्या हातातून जात होता.

एका बँकेत भरलेला दुसऱ्या बँकेचा चेक वटायचा तर तो क्लिअरिंग हाऊसमध्ये न्यावा लागे. प्रत्येक बँकेचा माणूस ठरलेल्या वेळी गठ्ठे घेऊन तिथे पोहोचायचा, चेकांची अदलाबदल व्हायची, कोणाचे कोणाला किती देणे याचा हिशेब लागायचा. ती वेळ चुकली तर ग्राहकाचा एक दिवस गेला. शेअरचेही तसेच. सर्टिफिकेट आणि सहीचे ट्रान्सफर डीड, म्हणजे मालकी बदलाचा कागद, हातोहात द्यावे लागे. सही जुळली नाही तर 'बॅड डिलिव्हरी' म्हणून गठ्ठा परत. मग दलालाचा माणूस पुन्हा पायपीट करायचा. अशा धंद्यात ऑफिस पंधरा मिनिटांच्या चालीत असणे हीच खरी सोय होती. बँकेशेजारी दलाल, दलालाशेजारी सॉलिसिटर, सॉलिसिटरशेजारी न्यायालय आणि या सगळ्यांच्या मधोमध टपाल आणि तार.

ही गरज टप्प्याटप्प्याने संपली. १९९४ मध्ये एनएसईने उपग्रहाने जोडलेल्या पडद्यांवर सौदे सुरू केले आणि दलाल मुंबईत असण्याची अट गेली. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअरचा कागद डिमॅट केला, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरची नोंद आली. पुढे चेकचेही फक्त चित्र जाऊ लागले, खुद्द चेक पहिल्या बँकेतच थांबू लागला. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या सोयींपैकी एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू आहे.

तरी हे भाग रिकामे झाले नाहीत. मोठ्या कर्जाचा निर्णय, नियंत्रकाशी बोलणी, कंपनीची विक्री ही कामे अजून समोरासमोर बसून होतात. नोकरी बदलणाऱ्यालाही चार मालक एकाच भागात असले तर बरे वाटते. मात्र कागदाने चालण्याचे अंतर ठरवले होते तेव्हा जागा आपोआप ठरत होती. कागद गेल्यावर जागा सरकार आणि जमीनमालक ठरवू लागले. बीकेसी हे त्याचे उदाहरण आहे (प्रश्न ११).

४. शेअर बाजार वडाच्या झाडाखाली भरायचा ही दंतकथा आहे की खरे?

खरे आहे. १८५० च्या दशकात मोजके दलाल टाउन हॉलसमोर वडाखाली जमत. संख्या वाढली तशी जागा बदलत गेली आणि १८७४ मध्ये ते आजच्या दलाल स्ट्रीटवर आले. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' स्थापन झाली. आशियातला हा सगळ्यात जुना शेअर बाजार.

मधला काळ विसरू नये. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला जाणे थांबले आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशावर बँका आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीतले सगळ्यात मोठे नाव. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्याच्यासोबत सट्टाही. १८४० मध्ये सुरू झालेली बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही. ती बंद करून त्याच नावाने नवी बँक काढावी लागली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद यांच्याच देणगीतला, आईच्या नावाने दिलेला.

न्यूयॉर्कच्या दलालांनीही १७९२ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या एका झाडाखाली करार केला होता. भांडवल नसलेल्या धंद्याला सावलीची जागा फुकट मिळते, हे दोन्हीकडचे साधे कारण.

५. बीएसईच्या इमारतीत आत जाऊन बाजार पाहता येतो का?

सहज येणाऱ्या पाहुण्याला नाही. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेतला पहिला स्फोट याच इमारतीच्या तळघरात झाला. दुपारची गर्दीची वेळ होती. तेव्हापासून इथला बंदोबस्त कडक आहे आणि तो तसाच असायला हवा. महाविद्यालयाला भेट हवी असेल तर संस्थेच्या पत्राने आधी परवानगी मागावी.

आणखी एक गोष्ट. जुन्या चित्रांत दिसणारी ती रिंग, म्हणजे सौद्यांची जागा, आणि तिथे हातवारे करून ओरडणारे जॉबर (स्वतःच्या हिशेबाने सौदे करणारे) आणि दलाल आता नाहीत. १९९५ मध्ये संगणकावर सौदे सुरू झाले आणि आरडाओरड थांबली. रस्त्यावरून फिरोज जीजीभॉय टॉवर आणि दारासमोरचा कांस्याचा बैल पाहता येतो. तो बैल सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवला आहे. फोटो काढणारे बरेच जण असतात, ते नाव माहीत असणारे फार थोडे. म्हणून मुद्दाम सांगतो.

६. शेअर घ्यायला किंवा विकायला मुंबईला यावे लागते का?

मुळीच नाही. बँक खाते, पॅन, डिमॅट आणि ट्रेडिंग खाते असले की गडचिरोलीत बसूनही सौदा होतो. २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर सौद्याच्या पुढच्याच कामाच्या दिवशी खात्यात येतात. 'दलाल स्ट्रीटवर आमचे ऑफिस आहे, तिथून खात्रीचा नफा मिळतो' असे सांगणारा फोन आला तर तो तिथेच ठेवा. पत्ता भारदस्त असल्याने कोणी विश्वासू ठरत नाही. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासा.

७. रिझर्व्ह बँकेत सामान्य माणसाला खाते उघडता येते का?

बचत खाते नाही. रिझर्व्ह बँक ही बँकांची आणि सरकारची बँक आहे. ती १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, आधी मुख्य कार्यालय कोलकात्यात होते, १९३७ मध्ये कायमचे मुंबईला आले. सरकारी रोखे थेट घ्यायचे असतील तर 'रिटेल डायरेक्ट' योजनेत नोव्हेंबर २०२१ पासून ऑनलाइन खाते उघडता येते, फोर्टला यायची गरज नाही.

पाहायला जायचे असेल तर फिरोजशहा मेहता रस्त्यावरचे रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय जरूर पाहा. कवड्यांपासून कागदी नोटांपर्यंतचा प्रवास तिथे मांडला आहे. लहान मुलांना घेऊन जाण्यासारखी फोर्टातली ही सगळ्यात चांगली जागा आहे असे माझे मत. सोमवारी बंद असते.

८. घरात दोन हजारांच्या नोटा सापडल्या. आता फोर्टच्या रिझर्व्ह बँकेतच जावे लागेल का?

घाबरू नका, नोट अजून कायदेशीर चलन आहे. १९ मे २०२३ ला ती चलनातून काढून घेण्याची घोषणा झाली आणि ७ ऑक्टोबर २०२३ नंतर साध्या बँक शाखांनी ती घेणे बंद केले. आता ती रिझर्व्ह बँकेच्या १९ इश्यू ऑफिसांत, म्हणजे नोटांचे काम पाहणाऱ्या कार्यालयांत, चालते. महाराष्ट्रात अशी तीन आहेत: मुंबई, बेलापूर आणि नागपूर. ठाणे-पनवेलकडच्यांनी फोर्टची गर्दी कशाला सोसायची, बेलापूर जवळ आहे. विदर्भातल्यांना नागपूर.

बदलून रोख हवी असेल तर एका वेळी २०,००० रुपयांपर्यंत. स्वतःच्या बँक खात्यात जमा करायला ही मर्यादा नाही, ओळखपत्र आणि खात्याचा तपशील लागतो. प्रवास झेपत नसेल तर कोणत्याही टपाल कार्यालयातून नोटा इश्यू ऑफिसला पाठवून रक्कम खात्यात मिळवता येते. रांगेबाहेर 'काम करून देतो' म्हणणाऱ्या माणसाच्या हातात नोटा देऊ नका.

९. बँकेने ऐकले नाही. मुख्यालयाच्या दारात जाऊन बसले तर काम होईल का?

समजते, पण त्याने काम होत नाही. कोल्हापूर-जालन्याहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे नरीमन पॉइंटच्या सुरक्षारक्षकाशी बोलून परततात, हे पाहून वाईट वाटते. आधी शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शेअर दलाल किंवा म्युच्युअल फंडाबद्दल तक्रार असेल तर सेबीचे 'स्कोअर्स' संकेतस्थळ. सहकारी बँकेच्या निवडणुकीची किंवा सभासदत्वाची तक्रार मात्र सहकार खात्याकडे जाते, लोकपालाकडे नाही. इथे बरेच जण अडकतात.

१०. नरीमन पॉइंट समुद्रात भराव घालून केला. मग ते नाव कोणाचे?

खुर्शेद फ्रामजी नरीमन, वकील आणि काँग्रेसचे नेते. लोक त्यांना वीर नरीमन म्हणत. १९२० च्या दशकात बॅकबे नावाचा समुद्राचा भाग बुजवण्याची सरकारी योजना चालू होती. खर्च फुगत होता, काम पुढे सरकत नव्हते. नरीमन यांनी त्या कारभारातला घोटाळा उघड्यावर आणला. हार्वे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. समुद्र बुजवण्यातल्या गैरकारभाराशी लढलेल्या माणसाचे नाव पुढे समुद्र बुजवूनच तयार केलेल्या जमिनीला मिळाले. नाव देणाऱ्यांनी निदान त्याची आठवण ठेवली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आजचे उंच मनोरे मुख्यतः १९७० च्या आसपासचे. एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १९७४ ची. त्याच सुमारास खाडीपलीकडे दुसराच विचार चालू होता. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात मांडले होते की मुंबईचे ओझे पूर्वेकडे, बंदराच्या पलीकडे नेले पाहिजे. त्यातून १९७० मध्ये सिडको आली आणि नवी मुंबई आकाराला येऊ लागली. बेलापूरला मध्यवर्ती व्यापारी भाग आखला, सीबीडी हे नाव त्यातूनच आले. पण मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले आणि त्याच्या शेजारीच नवे ऑफिस-मनोरे चढत गेले. सरकार जिथे बसते तिथे बँका बसतात. बेलापूरला रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आले, कोकण रेल्वे आली, कोकण भवन आले, पण नरीमन पॉइंटची जागा त्याला घेता आली नाही. विरार-कल्याणहून रोज सकाळी दक्षिणेकडे लटकत जाणाऱ्या माणसांनी त्या निर्णयाची किंमत पन्नास वर्षे मोजली आहे.

११. बीकेसी कोणी आणि कशी वसवली?

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने. प्राधिकरण १९७५ मध्ये स्थापन झाले, १९७७ मध्ये त्याला या भागाचे विशेष नियोजन अधिकार मिळाले. क्षेत्र सुमारे ३७० हेक्टर. जागा होती मिठी नदी, वाकोला नाला आणि माहीमच्या खाडीलगतची दलदल आणि खाजण. दक्षिण मुंबईतली गर्दी कमी करणे हा घोषित हेतू होता.

भूखंड विकले जात नाहीत, ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. त्या पैशातून प्राधिकरणाची इतर कामे चालतात. म्हणजे इथल्या प्रत्येक काचेच्या इमारतीखाली जमीन सार्वजनिक आहे, हे ध्यानात ठेवावे. एनएसई आणि आयसीआयसीआय सुरुवातीला आलेल्यांपैकी. २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झाला आणि ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीतला हिऱ्यांचा व्यापार इकडे आला. २०११ मध्ये अमेरिकेची वकिलातही ब्रीच कँडीहून आली, त्यामुळे व्हिसाच्या रांगेतली कुटुंबेही सकाळी इथे दिसतात.

किंमतही मोजावी लागली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने दोन्ही काठ गिळले. वरच्या अंगाला विमानतळ, खालच्या अंगाला भराव, अशा कात्रीत ती नदी सापडली आहे. त्या वर्षापूर्वी पुष्कळ मुंबईकर तिला नाला समजत. जोराच्या पावसात बीकेसीत काम असेल तर भरतीची वेळ पाहून निघा.

१२. बँका नरीमन पॉइंट सोडून बीकेसीला का गेल्या?

कारणे रोजच्या कामातली आहेत. जुन्या इमारतींचे मजले लहान, मधे खांब, छत खाली. शेकडो लोकांना एका सलग मजल्यावर बसवायचे, रोखे-चलनाचे सौदे होतात त्या डीलिंग रूमला अखंड वीज आणि थंड हवा द्यायची, तर नवी इमारत सोयीची. विमानतळ जवळ. वरिष्ठ अधिकारी पश्चिम उपनगरांत राहू लागले होते. १९९० च्या दशकाच्या मध्यात नरीमन पॉइंटचे भाडे जगातल्या सगळ्यात महाग ठिकाणांत गणले जात होते, त्यामुळे हलण्याची इच्छा प्रत्येकाला होती, जागा नव्हती. बीकेसीने ती दिली. सेबी आणि एनएसई तिथे गेल्यावर बाकीच्यांना मागे जाणे भागच होते.

लंडनला जुन्या 'सिटी'तून कॅनरी वॉर्फला बँका गेल्या त्या याच कारणांनी, आणि तिथेही बँक ऑफ इंग्लंड जागेवरून हलली नाही. इथे रिझर्व्ह बँक आणि स्टेट बँक दक्षिणेतच आहेत. रिकाम्या झालेल्या जागांत सरकार शिरते आहे: एअर इंडियाची इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घेतली.

१३. बीकेसीत मुलाखत आहे. कसे पोहोचायचे?

आधी पत्ता पूर्ण मागा. 'जी ब्लॉक' एवढे पुरेसे नाही, तो ब्लॉक चालत पार करायला बराच वेळ लागतो. भूखंड क्रमांक हवा, जसे 'सी-२६, जी ब्लॉक'. इमारतीचे नाव आणि कोणत्या गेटने प्रवेश, हेही विचारा.

पश्चिम रेल्वेने आलात तर वांद्रे पूर्व, मध्य रेल्वेने कुर्ला पश्चिम. तिथून बेस्टची बस किंवा शेअर रिक्षा. सकाळी साडेआठ ते दहा रांग मोठी असते. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरे ते कफ परेड पूर्ण धावते आहे आणि बीकेसीला तिचे स्थानक आहे. चर्चगेट, सीएसएमटी, दादर किंवा विमानतळाकडून येणाऱ्याला हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. मुलाखतीची ईमेल आधीच मोबाइलवर उघडून ठेवा, भुयारात नेटवर्कवर विसंबू नका.

फोर्ट किंवा नरीमन पॉइंटला जाणार असाल तर रिक्षा विसरा, शीव आणि वांद्र्याच्या दक्षिणेला त्या चालतच नाहीत. नरीमन पॉइंटला मेट्रोचे जवळचे स्थानक विधान भवन, फोर्टसाठी हुतात्मा चौक किंवा सीएसएमटी.

आणि माझे स्पष्ट मत: फोर्ट पायी चालणाऱ्यांनी घडवला, बीकेसी मोटारीसाठी आखली. स्थानकापासून कमानींच्या सावलीतून ऑफिसला पोहोचण्याचे सुख तिथे नाही. उन्हापावसाची तयारी ठेवा. कोपऱ्यावर वडापाव मिळेलच असेही नाही, डबा न्या.

१४. लोअर परळ-वरळीलाही 'फायनान्शियल डिस्ट्रिक्ट' म्हणायचे का?

बँकांची मुख्यालये आहेत म्हणून म्हणता येईल. पण त्या जमिनीवर गिरण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांना गिरणी पुन्हा दिसली नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागा आणि परवडणाऱ्या घरांसाठी जाईल अशी आशा होती. २००१ च्या बदलाने तो वाटा फक्त गिरणीच्या आवारातल्या, इमारत नसलेल्या जमिनीपुरता उरला आणि मनोऱ्यांना रान मोकळे झाले. कामगारांच्या घरांच्या सोडती अजून चालू आहेत. तिथे नोकरीला लागलात तर जेवणाच्या सुट्टीत एखाद्या जुन्या चाळीपर्यंत चालत जा आणि गिरणीची चिमणी, म्हणजे धुराडे, कुठे होती ते विचारा. सांगणारे अजून भेटतात.

१५. हुतात्मा चौक नेमका बँकांच्या मध्यात कसा?

कारण मुंबई कोणाची हा वाद याच रस्त्यांवर लढला गेला. पैसा आणि बाजार इतरांचा, म्हणून मुंबई महाराष्ट्राला देऊ नये, असा युक्तिवाद तेव्हा उघड केला जात होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकात, मोर्चावर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ जणांनी प्राण दिले.

या गोष्टीचा बँकांशी आणखी एक दुवा आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, मूळचे महाडजवळच्या नाते गावचे. १९४३ ते १९४९ ते त्या पदावर होते, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले. रिझर्व्ह बँकेजवळच्या मिंट रोडवरून हुतात्मा चौकापर्यंत चालत जाताना हे दोन्ही लक्षात असावे असे मला मनापासून वाटते.

१६. बँक ऑफ बडोदा, आयसीआयसीआय, अ‍ॅक्सिस मुंबईच्या बँका आहेत ना? मग नोटिशीवर गुजरातचा पत्ता का?

कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आणि कॉर्पोरेट कार्यालय वेगवेगळ्या शहरांत असू शकते. बँक ऑफ बडोदाचे मुख्य कार्यालय बडोद्यात, आयसीआयसीआयची नोंदणी बडोद्यात, अ‍ॅक्सिसची अहमदाबादेत. कारभार मात्र मुंबईतून चालतो. कायदेशीर नोटीस नोंदणीकृत पत्त्यावर पाठवणे सुरक्षित, रोजचा पत्रव्यवहार शाखेशी. उलट उदाहरणही आहे: १९३५ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र नोंदणी आणि कारभार दोन्हींसाठी पुण्यातच, शिवाजीनगरच्या 'लोकमंगल'मध्ये आहे.

१७. गिफ्ट सिटी झाल्यावर मुंबईचा बाजार गुजरातला गेला का?

रुपयातला बाजार नाही. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र आहे. तिथले व्यवहार परकीय चलनात होतात आणि परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने ते केंद्र देशाबाहेर असल्यासारखे धरले जाते. बीएसई आणि एनएसई दोघांनीही तिथे वेगळ्या कंपन्या काढल्या. सिंगापूरला होणारे निफ्टीचे, म्हणजे एनएसईच्या निर्देशांकाचे, सौदे जुलै २०२३ पासून तिथे आले. या केंद्राचे नियंत्रण करणारे प्राधिकरण २०२० पासून तिथेच बसते.

असे केंद्र बीकेसीत व्हावे ही मागणी जुनी होती आणि जागाही राखली होती. त्याच परिसरात आता बुलेट ट्रेनचे भुयारी स्थानक बांधले जात आहे. मुंबईने ही संधी गमावली, असे म्हणण्यात मला संकोच वाटत नाही. तुमच्या डिमॅट खात्यावर मात्र याचा काहीच परिणाम नाही.

१८. बँक बंद, पण शेअर बाजार चालू. असे कसे?

दोघांच्या सुट्ट्यांच्या याद्या वेगळ्या असतात. बँकांची सुट्टी राज्यानुसार ठरते, शिवाय दुसरा आणि चौथा शनिवार. बाजाराची यादी देशभर एकच. ९ एप्रिल २०२४ ला गुढीपाडव्याला महाराष्ट्रात बँका बंद होत्या आणि बाजार चालू. अशा दिवशी सौदा होतो, पण पैसे आणि शेअर खात्यात यायला एक दिवस जास्त लागू शकतो. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात, बाजार सुरू राहू शकतो.

उलट प्रकार लक्ष्मीपूजनाचा. एरवी सुट्टी, पण साधारण तासभर मुहूर्ताचे सौदे होतात. वेळ बहुधा संध्याकाळची, तरी २०२५ मध्ये ती दुपारी होती. म्हणून दर वर्षी परिपत्रक पाहा.

१९. जुन्या कागदावर हॉर्नबी रोड, मेडोज स्ट्रीट असे पत्ते आहेत. टॅक्सीवाल्याला काय सांगू?

आजोबांची शेअर सर्टिफिकेटे किंवा विम्याचे कागद घेऊन येणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. हॉर्नबी रोड म्हणजे आताचा दादाभाई नौरोजी रोड. मेडोज स्ट्रीट म्हणजे नगीनदास मास्टर रोड, अपोलो स्ट्रीट म्हणजे मुंबई समाचार मार्ग, ब्रूस स्ट्रीट म्हणजे होमी मोदी स्ट्रीट, चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरीमन रोड, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी रोड.

पण पत्त्यावर जाण्याआधी कंपनी जिवंत आहे का ते पाहा. नाव बदलले असेल, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल. कंपनीचे आजचे नाव कळले की तिचा रजिस्ट्रार, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था, कोण हे तिच्या संकेतस्थळावर सापडते आणि वारसाचे बहुतेक काम त्याच्याकडे टपालाने होते. सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. ते परत मागता येतात, अर्ज ऑनलाइन आहे. मूळ सर्टिफिकेट कोणाच्याही हाती देऊ नका, आधी दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढून ठेवा.